पेन्सिलीने लिहिलेलं वजन

संध्याकाळपासून एकच शंका डोक्यात घोळते आहे. ती घालवायला मी दोनदा ओटा पुसला, एकदा कपडे घड्या करून ठेवले, पण ती हलायला तयार नाही. ग्रोसमावशींचं डोकं चालेनासं झालं आहे का?

टेबलावर एक चिठ्ठी पडली आहे. तिच्यावर मावशींच्या मुलाचा नंबर आहे. जेवणानंतर तो मी चार वेळा फोनवर दाबला आणि चारही वेळा खोडला. त्याला सांगू काय? की तुमची आई विसरायला लागली आहे, शनिवारी येताय तर आधी चांगल्या डॉक्टरकडे न्या? ज्या बाईने माझ्या मुलीला मोजायला शिकवलं तिलाच आता मोजता येत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

घडलं ते इतकंच. ग्रोसमावशींचं शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. बटणं, हुक, चेन, दोरे, इलॅस्टिक. आमच्या बसस्टॉपच्या समोरचं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर थांबायचं. शाळेचे गणवेश शिवणारे टेलरमास्तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच बटणं नेतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी शर्टाची पांढरी बटणं नेली, चाळीस ग्रोस. ग्रोस म्हणजे बारा डझन, एकशे चव्वेचाळीस नग. काल मास्तर परत आले ते डोकं खाजवत. शेवटच्या एकसष्ट शर्टांना बटणंच उरली नव्हती.

तीस वर्षांत मावशींकडून एक बटण कमी गेलेलं नाही. मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो मावशी, होतं." ते चांगल्या मनानेच म्हणाले, पण मावशींना त्या 'होतं'नेच जास्त लागलं असणार. रात्री बसून त्यांनी कमी पडलेली बटणं हाताने मोजली, एकेक करून, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत मास्तरांच्या दारात नेऊन ठेवली. तराजूला हातही लावला नाही.

आधी मला वाटलं, नजरेचा दोष असेल. पण तीन आठवड्यांपूर्वीच त्या डोळे तपासून आल्या होत्या. त्या दिवशी तासभर दुकान मीच सांभाळलं, म्हणून मला पक्कं आठवतं. डॉक्टरांनी नजर ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. नजर नाही, तर मग काय?

मावशी बटणं मोजत नाहीत, तोलतात. हे ज्यांना माहीत नाही त्यांना पहिल्यांदा फसवणूक वाटते. मलाही वाटली होती. दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत, प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एक बटण शिवलेलं. खणात एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, शर्टाच्या खोक्यातून कापलेलं. त्यावर एकच आकडा: त्या जातीच्या एका ग्रोसचं वजन. पांढऱ्या, चार भोकांच्या शर्टाच्या बटणाचं कार्ड पन्नास ग्रॅमचं. चाळीस ग्रोस हवेत? मग दोन किलो तोलायचं. पाच हजार सातशे साठ बटणं दोन मिनिटांत कागदी पिशवीत. आकडे सगळे पेन्सिलीने लिहिलेले. शाईने का नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आमची ओळख झाली एका तुटलेल्या बटणामुळे. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. घरात आम्ही दोघीच. तिचं कॉलेज एकला सुटायचं, मी ऑफिसातून सहाला यायची. मधल्या पाच तासांत पोर एकटी काय करत असेल, गॅस चालू राहिला असेल का, दार कोणी वाजवलं असेल का, या विचारांत मी फायलींवर भलतेच शिक्के मारत असे. एक दिवस बसमधून उतरले, तर आमच्या बाईसाहेब समोरच्या दुकानात, मागच्या इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक उघडून बसलेल्या. डोळे सुजलेले.

"तुमचीच का ही?" काउंटरमागून मावशींनी विचारलं. "बटण घ्यायला आली आणि रडत बसली. मला वाटलं, बटण फारच जवळचं होतं."

रडण्याचं कारण रसायनशास्त्राची चाचणी. पंचवीसपैकी अडीच.

"अडीच म्हणजे टक्के किती गं?" मावशी.

"दहा."

"दहा ऐकायला बरं वाटतं. घरी दहाच सांगायचंस."

मुलगी रडता रडता हसली. आठवड्याभरात ती पहिल्यांदा हसत होती. त्या दिवसापासून दुकानात तिचं नाव 'अडीच' पडलं, आणि माझं 'अडीचची आई'. अजूनही तेच आहे.

ती दुपारी तिथेच थांबू लागली. मावशींनी मला विचारलंही नाही, इस्त्रीच्या टेबलावरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि तेवढी जागा तिची झाली. मावशींचं शिक्षण सातवीपर्यंतचं. मी पदवीधर, पण इतिहासाची. ग्रॅम, मोल आणि कण यांचं ते गणित मी रात्री तिच्यासोबत उघडायची आणि दोघी मिळून बुडायचो. मुलगी म्हणत होती, विज्ञान सोडते. मी वरवर 'बरं' म्हणत होते पण मला ते पटत नव्हतं, कारण तिला लहानपणापासून पाण्याच्या बाटल्यांत काहीबाही विरघळवत बसायचं वेड होतं आणि ते सोडून ती सुखी होईल असं मला वाटत नव्हतं.

एका शनिवारी मला सुट्टी होती. मी काउंटरपाशी बसून हे प्रत्यक्ष ऐकलं.

"वाच मोठ्याने," मावशी दोऱ्याची रिळं लावता लावता म्हणाल्या.

"छत्तीस ग्रॅम पाण्यात पाण्याचे रेणू किती?"

"रेणू म्हणजे?"

"पाण्याचा सगळ्यात लहान कण. डोळ्यांना दिसत नाही."

"म्हणजे बटण. बरं. एकेक मोजता येत नाही, आणि गिऱ्हाईक नग मागतंय. मग मी काय करते?"

"वजन करता."

"नुसत्या वजनावरून नग कळतात?"

मुलीने भिंतीवरच्या खणांकडे बघितलं. "कार्ड बघता."

"मग तुझ्या पुस्तकात कार्डं नाहीत?"

होती की. मागच्या पानावर अख्खा तक्ता होता. एक मोल पाणी म्हणजे अठरा ग्रॅम. इतके दिवस ते पान आम्ही शोभेचं समजत होतो.

"मोल म्हणजे तुमचा ग्रोसच," मावशी म्हणाल्या. "आमचा एकशे चव्वेचाळीसचा. तुमचा कितीचा?"

मुलीने वहीत आकडा लिहिला: सहा हजार बावीस, आणि त्यापुढे वीस शून्यं. मावशी चष्मा वर करून त्या ओळीकडे बघत राहिल्या.

"एवढे शर्ट कोणाचे?"

मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तीन चौकोन काढले. "या तीन खोल्या. पहिलीत वजन. मधलीत ग्रोस. शेवटच्या खोलीत नग. पहिलीतून तिसरीत दार नाही, कितीही धडक मार. जायचं ते मधल्या खोलीतूनच. वजनाला कार्डाने भागलं, आलीस मधल्या खोलीत. तिथून एका ग्रोसात जितके नग तितक्याने गुणलं, पोचलीस. परत यायचं तर सगळं उलटं."

मुलीने छत्तीसला अठराने भागलं. दोन. दोन मोल. त्याला त्या अगडबंब आकड्याने गुणलं. पुस्तकातलं उत्तर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच. आता चहा ठेव," मावशी म्हणाल्या.

पुढचाच प्रश्न होता, त्याच पाण्यात एकूण अणू किती. मुलीने उत्साहात तेच उत्तर पुन्हा लिहिलं. मावशींनी खणातून एक पांढरं बटण काढून तिच्या नाकासमोर धरलं.

"बटणं विचारलीत की भोकं?"

"काय?"

"एका ग्रोसात बटणं एकशे चव्वेचाळीस. भोकं पाचशे शहात्तर. गिऱ्हाईक काय मागतंय ते आधी नीट ऐकायचं. तुझ्या पाण्याच्या बटणाला भोकं किती?"

"तीन. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन."

"मग तिनाने गुण. आणि चहा उतू चाललाय."

पुढच्या चाचणीत पंचवीसपैकी एकोणीस मिळाले. पेपर घेऊन ती आधी दुकानात गेली, घरी नंतर आली. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते वाईट वाटणं मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिलं. आपल्या लेकराला पाण्यातून काढणाऱ्या माणसाचा हेवा करण्याइतकी मी मूर्ख नाही.

आणि चुका काय तिथेच संपल्या? बारावीत प्रात्यक्षिकाच्या वेळी तिने मोरचुदाचं द्रावण केलं. मोलाचा दहावा भाग घ्यायचा होता. तक्त्यात मोरचुदाचा मोल एकशे साठ ग्रॅम दिला होता, म्हणून तिने बाटलीतले निळे खडे सोळा ग्रॅम तोलले. तो आकडा कोरड्या, पांढऱ्या मोरचुदाचा होता. निळ्या खड्यांनी पोटात पाणी धरलेलं असतं, त्यांचा मोल अडीचशे ग्रॅमचा. हवे होते पंचवीस ग्रॅम. द्रावण फिकं झालं, ते वापरणाऱ्या सगळ्या वर्गाचे पुढचे आकडे चुकले. हे तिला कळलं ते रात्री साडेअकराला, वही चाळताना. मी म्हणाले सकाळी बघू. तिने ऐकलं नाही, सरळ मावशींना फोन लावला. मी घाबरून तिच्या हातातून फोन ओढायला गेले, तोवर पलीकडून आवाज आला.

"बोल. कुठे आपटलीस?"

झोपमोडीबद्दल चकार शब्द नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "कार्ड नावाचं नसतं गं, मालाचं असतं. दिसायला तेच, नाव तेच, म्हणून वजन तेच असेल असं नाही. म्हणून तर मी पेन्सिलीने लिहिते. नवं पोतं आलं की आधी एक ग्रोस हाताने मोजायचा, तोलायचा, कार्ड बरोबर आहे का बघायचं, मगच पोतं खणात ओतायचं. इतक्या सालांत एकदाही चुकवलं नाही मी ते. आता झोप. सकाळी सरांना आपणहून सांग, त्यांनी विचारायच्या आत."

तिने सांगितलं. सर रागावले, पण तिने दुसरं द्रावण करून दिलं.

आज ती दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर हेच: तोल, भाग, गुण. नोकरी लागली तेव्हा मावशींनी तिला लाल दोऱ्याने बांधलेली एक पुरचुंडी दिली. आत पांढरी बटणं, एकशे चव्वेचाळीस. "हा तुझा मोल. तुझ्यापुरता." ती पुरचुंडी मुलीने माझ्याकडे ठेवली आहे, तिकडे हरवेल म्हणून. आणि मी मावशींना काय दिलं? एक स्वेटर विणला, त्याची डावी बाही लांब झाली. दर थंडीत त्या तोच घालतात. म्हणतात, "ही बाही मला जास्त आवडते. हात गारठला की आत ओढून घेता येतो."

आज संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा मावशी खणांतली कार्डं काढून रबराने बांधत होत्या.

"हे काय चाललंय?"

"शनिवारी मुलगा येतोय. दुकान बंद करते. त्याच्याकडे जाऊन राहीन."

"एका चुकीपायी, मावशी?"

"चूक असती तर दुरुस्त केली असती." त्यांनी रबर दोनदा गुंडाळलं. "मध्यंतरी बघते तर एक काम झालेलं होतं. मी ते केल्याशिवाय होणार नाही, आणि मी ते कधी केलं, काही केल्या आठवेना. चुकणं वेगळं गं. केलेलं आठवत नाही, ते वाईट. उद्या कोणाला भलतंच काहीतरी देऊन बसेन."

कोणतं काम, हे मी विचारलं नाही. भीती वाटली. ऐकलं असतं तर ते खरं मानावं लागलं असतं. त्यांनीच पांढऱ्या बटणांचा खण ओढला, वरवरची चार मुठी बटणं पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. "अडीचला दे. तिच्या मोलाला जोड." मग मुलाच्या नंबरची चिठ्ठीही दिली, 'मी तिकडे गेल्यावर फोन कर' म्हणून. जिन्यावर मला रडू आलं, तेव्हा शेजारचे वर येत होते, म्हणून चपलेत खडा गेल्याचं नाटक केलं.

तर आता, अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. झोप येत नव्हती, म्हणून वाटलं, नवी पुरचुंडीही नीट एका ग्रोसाची करावी. बारा बाराचे बारा ढीग मांडले. एकशे चव्वेचाळीस झाली. उरलेली बाजूला काढली. मग स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेतला, उगाच, मावशींसारखं करून बघावं म्हणून. जुनी पुरचुंडी ठेवली: पन्नास. नवी ठेवली: चोपन्न.

मीच चुकले असणार, दुसरं कोण. पुन्हा मोजली. एकशे चव्वेचाळीस. पुन्हा तोलली. चोपन्न. दोन्ही बटणं दिव्याखाली धरली. रंग तोच, भोकं चार, आकार तोच. फक्त नवं बटण कडेला केसभर जाड.

मग मी ते केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. पेन्सिल घेतली आणि तीन चौकोन काढले. पहिल्या खोलीत दोन हजार ग्रॅम. त्याला चोपन्नने भागलं: सदतीस ग्रोस आणि वर थोडं. त्याला एकशे चव्वेचाळीसने गुणलं: पाच हजार तीनशे तेहेतीस. हवी होती पाच हजार सातशे साठ. कमी पडली चारशे सत्तावीस. एका शर्टाला सात बटणं. चारशे सत्तावीस भागिले सात.

एकसष्ट.

मावशींनी दोन किलो अगदी बरोबर तोलले होते. ना हात चुकला, ना डोळा, ना डोकं. माल बदलला होता आणि कार्ड जुनं होतं.

पण नवं पोतं मोजल्याशिवाय खणात ओतणं मावशींच्या हातून होणंच शक्य नाही. मग ओतलं कोणी?

हे वाक्य मनात पुरं व्हायच्या आत मला आठवलं. डोळे तपासायचा दिवस. मी दुकानात एकटी. टेम्पोवाल्याने पोती टाकली. पांढऱ्या बटणांचा खण निम्मा रिकामा दिसला आणि मला वाटलं, मावशी दमून येतील, तेवढंच काम हलकं करू. पोतं कापलं, वरून ओतलं, रिकामं पोतं घडी घालून काउंटरखाली सरकवलं. मावशी आल्या तेव्हा डोळ्यांत औषध होतं, रुमाल धरून चाचपडत बसल्या. मी म्हणाले, "माल आला होता, मी सगळा लावलाय." "गुणाची गं," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं असणार, पोती फळीवर लावली. मला तर ती एवढीशी गोष्ट वाटली, लक्षातही राहिली नाही. आणि त्या बिचाऱ्या भरलेल्या खणाकडे बघून इतके दिवस स्वतःचं डोकं चाचपत बसल्या.

मी आई म्हणून आयुष्यभर नको त्या गोष्टींची काळजी केली. गॅस, दार, बसचा ब्रेक. आणि ज्या बाईने माझी निम्मी काळजी न मागता उचलली, तिच्या खणात मीच हे ओतून ठेवलं.

मुलाच्या नंबराची चिठ्ठी मी उलटी केली. मागे पेन्सिलीने लिहिलं: पांढरं, चार भोकांचं, नवा माल. ग्रोस ५४. हे कार्ड उद्या दुकान उघडताना खणात पडलं पाहिजे. बाकीची कार्डं त्या रबरातून मी स्वतः सोडवून जागच्या जागी लावणार आहे, त्या जरा ओरडल्या तरी.

सव्वा वाजला आहे. ही काय फोन करायची वेळ आहे, असं मीच कोणाला तरी म्हणाले असते. पण मावशी जाग्या असणार, आणि शनिवारपर्यंत त्यांनी आणखी एक रात्र स्वतःला वेडी समजत काढावी, हे मला सहन होणार नाही. मुलाला फोन करायचा नाही. मावशींनाच करायचा. त्या "बोल, कुठे आपटलीस?" म्हणतील, तेव्हा काय सांगायचं तेही ठरवलं आहे, नाहीतर मी रडत बसेन आणि त्या काळजीत पडतील. पहिलं वाक्य एवढंच:

"मावशी, तो खण मी भरला होता."